लडकूची नक्कल

टोकावड्याच्या अलीकडे, माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यापासून कोसभर आत संजीवनीचं माहेर. त्या गावात तिचं नाव काढा, माणसं आधी हसतील आणि मग ती कुठे दिली, तिला मुलं किती, ते सांगतील. गावाने तिला लक्षात ठेवलंय ते एकाच गोष्टीसाठी. ती आपल्या दारुड्या बापाची नक्कल करायची. नक्कल इतकी बेमालूम की खुद्द बाप समोर झुलत असला तरी लोक त्याला म्हणत, लडकू, तू जरा बाजूला हो, आम्हाला नीट बघू दे.

लडकू म्हणजे तिचा बाप. भाताची दोन खाचरं होती आणि पावसाळा सरला की रस्त्यावरच्या ढाब्यावर बकरी कापायचं काम. हात असा बसलेला की बघत राहावं. ढाब्याचा मालक मजुरी द्यायचा आणि खूश झाला की वर एक ग्लास द्यायचा. पुढे पुढे लडकू त्या ग्लासासाठीच कामावर जायला लागला. संध्याकाळी परत येताना तो विजेच्या खांबाला साहेब म्हणून सलाम करायचा. शेजारच्या कमळूच्या ओट्यावर चपला काढून, देऊळ समजून हात जोडायचा. घरी आला की ताटात हात तसाच ठेवून झोपायचा. हे झालं गावाला दिसणारं. घराला दिसणारं एवढंच की तो मारायचा. बायकोला रोज, पोरांना हाताशी सापडली तर.

सकाळी त्याला यातलं काही आठवत नसे. हे सोंग नव्हतं, खरंच आठवत नसे. उठून तो चुलीपाशी यायचा, जनीचा सुजलेला गाल बघायचा आणि विचारायचा, "दाढ दुखते काय गो?" जनी म्हणायची, हो. मग तो मुरबाडला जाणाऱ्या कुणाकडून तरी लवंगेचं तेल मागवायचा. आता या माणसाचं काय करावं, तुम्हीच सांगा. जनीने हो म्हणायचं ठरवून टाकलं होतं, आणि एकदा हो म्हटल्यावर पुढच्या प्रत्येक सकाळी हो म्हणावंच लागलं.

नकलेची सुरुवात त्र्याण्णव सालच्या आवणीत झाली. संजीवनी तेव्हा दहा वर्षांची. भात लावायला आलेल्या बायका दुपारच्या भाकरीला बांधावर बसल्या होत्या. बाळी नावाची एक बाई होती, जिभेला हाड नसलेली. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "जने, तुझा दादला काल आमच्या गोठ्यात निजला व्हता. म्हशीच्या गळ्यात हात घालून म्हनतोय, जने, तू लय जाडी झालीस गो!"

बायका हसल्या. जनीने मान खाली घातली आणि भाकरीचा तुकडा नुसताच चघळत बसली. संजीवनीला आईची ती मान बघवेना. ती उठली. रोपाची एक मूठ उचलून बगलेत मारली, डोळे अर्धे मिटले, खालचा ओठ लोंबता सोडला आणि चिखलातून तीन पावलं पुढे, दोन मागे अशी चालत बाळीपाशी आली.

"बाळीकाकी, तू चुकीचा सांगतेस," ती बापाच्या आवाजात म्हणाली. "मी जाडी नाय बोललो. मी बोललो, जने, तुला शिंगं कवा फुटली?"

बायकांची हसून मुरकुंडी वळली. एक जण तर बांधावरून घसरून पाण्यात बसली. आणि जनी हसली. तोंडावर पदर न घेता, दात दाखवून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. आईचे दात संजीवनीने कितीतरी दिवसांनी बघितले होते. त्या दुपारी तिला एक गोष्ट कळली. आपल्या बापाला आपणच आधी हसलो की दुसऱ्याला हसायला काही शिल्लक राहत नाही. कुणी टोमणा मारत नाही, कुणी कीव करत नाही. उलट म्हणतात, अजून कर.

मग ती करतच राहिली. शाळेत, विहिरीवर, गौरीच्या जागरणाला, लग्नाच्या आदल्या दिवशी. प्रत्येक प्रसंगाचा एक नंबर बांधलेला होता. खांबाचा नंबर, म्हशीचा नंबर, ताटात झोपल्याचा नंबर. लोक फर्माईश करायचे. घरातही तेच. लडकू मारून दमला आणि घोरायला लागला की चुलीपाशी तिघं उरत, जनी, संजीवनी आणि तिचा धाकटा भाऊ पंकज. संजीवनी हलक्या आवाजात आत्ताच झालेला मार करून दाखवायची. बाप कसा आला, कुठे अडखळला, पहिला फटका चुकून भिंतीला कसा बसला. जनी गाल धरून हसायची आणि विनवायची, "नको गो, हसवू नको, गाल दुखतोय." पंकज हसता हसता झोपायचा. ज्या घरात पोरं रडत झोपायला हवी होती, तिथे ती हसत झोपत. संजीवनीला याचा अभिमान होता आणि तो खोटाही नव्हता.

लडकूने स्वतःची नक्कल एकदाच बसून पूर्ण बघितली होती, भर दारूत. शेवटपर्यंत टाळ्या वाजवल्या आणि बाजूच्याला विचारलं, "कोन हाय रे ह्यो बेवडा?" गावाने हे वाक्यही नकलेत घालायला लावलं.

आता हाताची गोष्ट. सन दोन हजार, आषाढ. लडकू भिजून घरी आला आणि कालवणात मीठ नाही म्हणून त्याने बसायचा पाट उचलून जनीच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज पंकजने ओट्यावर ऐकला. जनी किंचाळली. आणि त्या किंचाळण्याने लडकूला एकदम कळवळा आला. "कोन? कोनी मारला माझ्या बायकोला?" म्हणत त्याने कोयता घेतला आणि कमळूच्या दारात जाऊन उभा राहिला. "भायेर ये! माझ्या जनीचा हात मोडतोस?" कमळू बिचारा जेवत होता. अर्ध्या गावाने लडकूला धरलं. मग त्यानेच रडत रडत जीप ठरवली, जनीला मांडीवर घेऊन मुरबाडला नेलं आणि डॉक्टरला दम दिला की हात सरळ बसला नाही तर बघून घेईन. हात वाकडाच बसला. सकाळी उतरल्यावर त्याने विचारलं, कसा मोडला? जनी म्हणाली, "खालच्या बांधावरनं घसरले."

लडकूला ते पटलं. भात कापून झाल्यावर त्याने आठ दिवस खपून खालच्या बांधाला चपटे दगड लावले. जनी पुन्हा घसरू नये म्हणून. दरवर्षी पावसाळ्याआधी तो ते दगड तपासायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा.

यावर संजीवनीने नंबर बांधला नसता तरच नवल. आईच्या हातावर प्लास्टर होतं तेव्हाच बांधला. पाट, किंकाळी, कोयता, कमळूच्या तोंडातला घास, डॉक्टरला दम, आणि भात कापल्यावर शेवटाला जोडलेला, बांधावर वाकून घाम पुसत दगड लावणारा बाप. दगड लावायचा भाग आला की लोक हसून लोळायचे. जनी स्वतः म्हणायची, संजे, हाताचा कर. सगळ्या गावाला तो नंबर पाठ होता. तो माहीत नव्हता फक्त लडकूला.

पाच सालच्या दसऱ्यानंतर संजीवनीला सापगावचं स्थळ आलं. मुलगा शेखर, शहापूरजवळच्या एका कारखान्यात कायम झालेला, शांत, बरा. त्याची आई चंद्रकला बघायला आली तेव्हा सकाळची वेळ होती आणि लडकू शुद्धीत ओट्यावर बसला होता. चंद्रकलाचा नवरा दारूने गेला होता. तिने चहा संपवला, कप खाली ठेवला आणि लडकूकडे सरळ बघत म्हणाली, "पोरगी आमाला पसंत हाय. पन एक सांगते, राग मानू नका. कन्यादानाला तुमी शुद्धीत असाल तर तुमीच बसा. वास आला तर मामा बसंल. माझ्या सुनेचा हात दारूच्या हातातनं घ्यायची नाय मी."

लडकू म्हणाला, "मीच बसंन."

आणि त्याने सोडली. गावाने पैजा लावल्या. बारा दिवस तो बाजेवर थरथरत पडून होता. जनी ताक पाजायची, पंकज पाय धरून बसायचा. तेराव्या दिवशी तो उठला, विहिरीवर गेला आणि स्वतःच्या हाताने आंघोळ करून आला. ढाब्याचं काम सोडलं. घराची कौलं परतली. संध्याकाळी ओट्यावर बसायला लागला. पण त्याच्याशी काय बोलायचं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. दारू प्यालेल्या लडकूला कसं चुकवायचं, कसं झोपवायचं, कसं हसायचं, याची तिघांना सवय होती. हा नवा माणूस नुसताच बसायचा आणि मधेच विचारायचा, "आज भाजी काय केली गो?" तिघं एकमेकांकडे बघत.

संजीवनीने तोडगा काढला तो आपल्याच पद्धतीचा. रोज दिवेलागणीला ती पोलिसासारखी छाती काढून त्याच्यापुढे उभी राहायची. "चल, फुंकर मार!" लडकू आज्ञाधारकपणे फुंकर मारायचा. "पास! उद्या परत हजर व्हायचा!" तो हसायचा. त्याचं शुद्धीतलं हसू तिला नवीन होतं, लाजरं, तोंड बाजूला करून केलेलं. महिने गेले तसं तिला कन्यादान बापाच्याच हातून हवंसं वाटायला लागलं. इतकं की त्या वाटण्याचीच तिला भीती वाटे. आजवर तिने बापाकडून काही मागितलंच नव्हतं, कारण मागितलं तर मिळणार नाही हे ठरलेलं होतं. आता पहिल्यांदा काहीतरी मागावंसं वाटत होतं आणि ते मिळेल असंही दिसत होतं.

सहा सालच्या वैशाखात लग्न ठरलं. आदल्या दिवशी मांडव. मांडव घालायला भावकीतले, गावातले पुरुष येतात, बांबू रोवतात, वर जांभळीच्या फांद्या टाकतात, आणि घरधन्याने त्यांना जेवण घालायचं, जेवणाआधी पाजायची. पाजली नाही तर मांडव घातला असं कुणी म्हणत नाही. लडकूने कॅन आणला होता. दुपारी तो मांडवाखाली उकिडवा बसून एकेकाच्या ग्लासात ओतत होता. थेंबही सांडत नव्हता. वास नाकात जाऊ नये म्हणून तो तोंडाने श्वास घेत होता. संजीवनी आत बायकांत बसून हे खिडकीतून बघत होती.

मग कमळू सुरू झाला. "लडकू, घरधन्याने पयला घोट घ्यायचा असतो. मांडव उष्टा कर."

"नको रे."

"पोरीच्या मांडवाला नाय बोलतोस? एक घोट. उद्या दुपारपर्यंत वास ऱ्हातो काय?"

बाकीच्यांनी री ओढली. कुणी ग्लास त्याच्या ओठापाशी नेला. लडकूने मान मागे घेतली, पण हळू घेतली. खिडकीतून ते संजीवनीला दिसलं. ती उठली, तशीच बाहेर आली आणि ओरडली, "ओ कमळूकाका! खरा लडकू हितं हाय, त्याला द्या!" आणि बगलेत एक रिकामी पाटी मारून, ओठ लोंबता सोडून, तीन पावलं पुढे, दोन मागे.

मांडवात एकच गलका झाला. ग्लास बाजूला राहिला, माणसं गोल करून बसली. आतल्या बायका दारात आल्या. संजीवनीने खांबाचा नंबर केला, म्हशीचा केला. लडकू कॅनला टेकून बसला होता आणि तोंड बाजूला करून हसत होता. ती ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होती आणि तिला हायसं वाटत होतं. वाचवला, तिला वाटलं. तिच्याजवळ एवढं एकच हत्यार होतं आणि ते आज पहिल्यांदा ती बापासाठी वापरत होती.

"हाताचा!" दारातून बाळी ओरडली. "संजे, हाताचा कर!"

आणि संजीवनीने हाताचा केला. अंगात आलं की ती थांबत नसे. जवळजवळ तेरा वर्षं जी नक्कल केली ती ऐकणारा बाप कधी नव्हताच. एक तर तो तिथे नसायचा, नाहीतर असून नसायचा. आज तो चार हातांवर बसलाय आणि त्याला ऐकू येतंय, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. तिने पाट उचलला, घातला. आईसारखी किंचाळली. कोयता घेऊन कमळूच्या अंगावर गेली, कमळू घास तोंडात धरल्यासारखे गाल फुगवून उभा राहिला, लोक हसून कोलमडले. मग जीप, मग डॉक्टर, मग बांध. ती वाकली, घाम पुसला, दगड बसवला, दोन पावलं मागे होऊन मान वाकडी करून बघितला आणि म्हणाली, "आता माझी जनी पडनार नाय!"

मांडव हलेल असं हसू झालं. त्यात तिने वर बघितलं. लडकू अजून हसत होता, पण चेहऱ्यावर नुसतं हसू चिकटून राहिलं होतं. तो दारात उभ्या असलेल्या जनीच्या मनगटाकडे बघत होता. जनीने हात पदराखाली घेतला.

संजीवनीने ते बघितलं. पण लोक टाळ्या वाजवत होते.

थोड्या वेळाने तो परसात आला. ती पाणी काढत होती. त्याने तिच्या हातातली बादली घेतली, खाली ठेवली.

"अजून काय काय हाय?" त्याने विचारलं.

"काय, काय?"

"मी केलेला. मला सगळा सांग. मला कुनी सांगितला नाय."

तो भांडत नव्हता. खरंच विचारत होता, सकाळी चुलीपाशी विचारायचा तसा. त्या क्षणी तिने खरं सांगायला हवं होतं, किंवा निदान गप्प बसायला हवं होतं, किंवा त्याचा हात धरायला हवा होता. हे तिला नंतर हजार वेळा सुचलं. पण अवघड जागी तिला एकच गोष्ट येत होती.

"बाबा, सगळा सांगायला बसले तर उद्याचा मुहूर्त टळंल," ती म्हणाली आणि हसली.

लडकूही हसला. "बरं," म्हणाला. बादली उचलून तिच्या हातात दिली आणि कुडाच्या पलीकडे गेला. त्याच्या मागे जावं असं तिला वाटलं. तेवढ्यात आतून हळदीची हाक आली आणि ती आत गेली. त्या दिवशी दिवेलागणीला फुंकर मारायला तो सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सापगावची वरात आली. अक्षता पडल्या. कन्यादानाला भटजींनी मुलीच्या बापाला बोलावलं, आणि लडकू आला. कोरा पांढरा सदरा, टोपी, आणि तीन पावलं पुढे, दोन मागे. चंद्रकलाने नाकाला पदर लावला. जनीचा भाऊ लखमा काही न सांगता उठून चौरंगाकडे निघाला. लडकूने त्याला हाताने थांबवलं आणि वऱ्हाडाकडे तोंड करून उभा राहिला.

"ऐका," तो म्हणाला. "जनीचा हात मी मोडला."

मग मागून कुणीतरी फुटलं आणि अख्खा मांडव हसायला लागला. कालचा नंबर! गावाला वाटलं, बाप लेकीची नक्कल करतोय. "पाट घे, लडकू, पाट!" कमळू ओरडला. कुणी खरंच पाट पुढे सरकवला. सापगावच्यांना काही कळलं नाही, पण सगळे हसतात म्हणून तेही हसले.

"हसू नका रे! खरा सांगतोय. बांधावरनं नाय पडली ती. मी मारला." लडकू रडत होता. रडण्यावर जास्तच हसू झालं, कारण नकलेतला लडकूही इथे रडायचा. तो बायकोकडे वळला. "जने, तू सांग ना गो. तू सांग यांना."

जनीने एकदा नव्या विहिणीकडे बघितलं, एकदा मुंडावळ्या बांधलेल्या पोरीकडे. मग पदर सारखा केला.

"काय पन बोलतात," ती म्हणाली. "मी बांधावरनंच पडले."

लडकूने मग संजीवनीकडे बघितलं. सगळा मांडवच तिच्याकडे बघत होता, सासू, नवरा, वऱ्हाड. ती एक शब्द बोलली असती तर हसू थांबलं असतं. ती बोलली असती तर त्या माणसाचं म्हणणं आयुष्यात एकदा कुणीतरी खरं मानलं असतं. पण सासरचे बघत होते, आणि कुणी हसण्याआधी आपण हसायचं हे ती दहा वर्षांची असताना शिकली होती. ती हसली. मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

दोघातिघांनी लडकूला काखेत धरून बाहेर नेलं आणि कन्यादानाला लखमा बसला.

त्यानंतर लडकू तीन वर्षं जगला. ढाब्यावर परत गेला, पण हात थरथरायचा म्हणून भांडी घासायला ठेवला. त्याने कुणाला काही विचारलं नाही. सकाळी जनीच्या गालाकडे बघून दाढेचं विचारणंही बंद झालं. ती चुलीपाशी असली की तो तोंड फिरवून बाहेर जायचा. तो गेला तेव्हा संजीवनी सापगावहून आली, रडली, बारा दिवस राहिली.

सासरी तिची कीर्ती तिच्या आधीच पोचली होती. लग्नानंतरच्या पहिल्याच गौरीला बायकांनी धरलं, तुझा बापूस करून दाखव. ती उठली. खांबाचा केला, म्हशीचा केला, हाताचा केला. शेवटी कन्यादानाचा केला. पदराची टोपी करून डोक्याला लावली, वऱ्हाडाकडे तोंड केलं आणि बापाच्या आवाजात म्हणाली, "ऐका, जनीचा हात मी मोडला." शेखर तर हसून हसून खाली बसला. तो नंबर सापगावात अजून सगळ्यात जास्त चालतो.